काचेचं घर, गॅलरीचं घर

प्रिय भिंगरी,

तू फोन उचलत नाहीस, त्याचा मला राग नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, मधेच कोणी “आई, पुरे” म्हणू शकत नाही.

तुझ्या ताईकडे मी ठीक आहे. तिच्या इमारतीत लिफ्टच्या आत बटणंच नाहीत. मजला आधी बाहेर सांगायचा, मग कुठल्या लिफ्टमध्ये चढायचं ते यंत्र सांगतं. परवा मी चुकीच्या लिफ्टमध्ये चढले आणि थेट कुठल्याशा ऑफिसात पोचले. तिथल्या मुलीनं बसवलं, पाणी दिलं. मीही काम असल्यासारखी गुमान प्यायले. वारा सुटला की ही इमारत डुलते. ताई म्हणते, डुलायलाच बांधलीय, डुलली नाही तर मोडेल. खरं असेल. पण पेल्यातलं पाणी आपसूक हलताना दिसलं की मी पेला उचलून हातात धरते. आणि पडदे नाहीत गं. बटण दाबलं की काच सावळी होते. जन्मभर लोकांचे पडदे शिवून तुम्हाला वाढवलं, आता इथं काय शिवू?

हवा स्वच्छ असली की शहराच्या दुसऱ्या टोकाला तुझी इमारत दिसते. दोन्ही बांधल्या एकाच सुमाराला, उंचीही उन्नीस-बीस, पण तुझी कशी अंगभर गॅलऱ्यांची. कुणाच्या चादरी, कुणाच्या कुंड्या, कुणाची मोडकी सायकल. तुमची लिफ्ट मजल्यामजल्याला थांबते आणि दर वेळी कुणीतरी विचारतं, आजी, आज कुठं निघालात?

तिथं असताना मी काय काय बोलले ते इथं बसून आठवतं. लिफ्टला वेळ लागला की म्हणायची, ताईकडे डोळ्याची पापणी लवायच्या आत वर. शेजाऱ्यांचं खोकणं ऐकू आलं की, ताईकडे कशी टाचणी पडली तरी ऐकू येते. जावईबापू हसून सोडून द्यायचे. तू हसत नव्हतीस. मला ते दिसत होतं, तरी जीभ थांबत नव्हती. त्या दिवशी तू गॅलरीत माझ्यासाठी खुर्ची आणलीस. लिफ्टमध्ये मावेना म्हणून तुम्ही दोघांनी ती जिन्यानं चढवली. तू घामाघूम झाली होतीस, आणि मी टेकल्याटेकल्या म्हणाले, ताईच्या खुर्च्यांना पाठीला गादी आहे.

तू आवाजसुद्धा चढवला नाहीस. “आई, तुला तिथंच आवडतं ना? मग तिथंच राहा.” बॅग भरलीस, हाताशी यावीत म्हणून औषधं वरच्या कप्प्यात ठेवलीस. टॅक्सीचं दार लावताना मात्र माझ्याकडे पाहिलं नाहीस.

भिंगरी, तुझ्या घराला नावं ठेवली ती ते आवडत नव्हतं म्हणून नाही. फार आवडत होतं. तुझ्याकडे पाठ टेकली की झोप लागायची. नात मांडीत येऊन बसली की उठावंसं वाटायचं नाही. आणि नेमकी तेव्हाच ताई आठवायची, त्या काचेमागे एकटी, ओट्याशी उभ्याउभ्या जेवणारी. एका लेकीकडे आपला जीव जास्त रमतो, हे आईनं मनातसुद्धा कबूल करू नये असं वाटायचं. ते पाप फेडायला मी तिचं कौतुक करायची, आणि करायची कुणापुढे, तर तुझ्यापुढे. जिला ऐकवायचं तिच्या कानावर त्यातलं अक्षरही गेलं नाही. जिला नको तिला मात्र रोज.

काल जेवताना ताईनंच विचारलं, माझं घर तुला आवडत नाही ना? मी घाईघाईनं लिफ्ट, शांतता, खुर्च्या, सगळ्यांची स्तुती केली. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई, तू माझ्याकडे पाहुण्यासारखी बोलतेस. धाकटीला बोलतेस तसं मला एकदा तरी टाकून बोल ना.” मी म्हटलं, तुझ्या खिडक्या उघडत नाहीत, मी गुदमरते इथं. ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मीही. डोळे पुसून तिनं माझ्यापुढे कागद ठेवला. म्हणाली, आता तिलाही खरं सांग.

तर खरं हे, की मला तुझ्याकडे यायचंय. कायमचं नाही, ताईकडेही राहीन, तिलाही आता चार शब्द ऐकवत जाईन. शनिवारी दुपारी मी तुझ्या इमारतीच्या दाराशी येऊन थांबते. वर बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर तुझं चूक आहे असं म्हणणार नाही. फक्त एकदा खाली ये आणि माझ्याशी कडाडून भांड. त्या दिवशी भांडायला हवं होतंस, तेवढं सगळं भांड. पण गप्प राहू नकोस.

तुझी, आणि तिचीही,
आई