सुका भोपळा

सांडूदादा,
पायांवर डोकं ठेवून लिहितो.

धरणात दोन किलोमीटर पोहलो, नव्वद किलोमीटर सायकल चालवली, एकवीस किलोमीटर धावलो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाची पहिलीच शर्यत, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यात मी मारुतीचं नाव घेत होतो आणि तुझंही. पाठीला सुका भोपळा बांधून तूच मला विहिरीत ढकललं होतंस. "बुडत नाय रे, मी हाय ना!"

शेवटी माइकवाल्यानं विचारलं, "पोहायला कुठं शिकलात?" भोवती कंपनीतले साहेब उभे होते. मी म्हणालो, "शहरातल्या क्लबात."

तू गंगापूरहून एसटीनं येऊन दोरीपलीकडंच उभा होतास, हे मला नंतर कळलं. रखवालदाराकडं नारळाची पिशवी देऊन तू न भेटताच गेलास. "भावाला द्या," म्हणालास, "लई दमला असंल."

नारळ अजून देवापुढं तसाच आहे. फोडायला हात होत नाही.

तुला वाचता येत नाही. पत्र आलं की सूनबाई घरभर ऐकू जाईल असं वाचते, म्हणून हे पाठवायचा धीर होत नाही. खोटं मात्र मी माइकवर बोललो.

तुझा धाकटा,
अंबादास