गावाचा आवाज बंद असताना

आक्रोपोंग,
१५ सप्टेंबर १९८८

चि. ओफोसू,

अक्काचे आशीर्वाद. तू बरा असशील असं धरून चालते, कारण तुला जाऊन चार वर्षं झाली, तू स्वतःहून एक ओळ पाठवलेली नाहीस. हे पत्र ताकोराडीला जाणाऱ्या लॉरीच्या ड्रायव्हरकडे देतेय. बंदरावर तुला शोधून हातातच दे, असं त्याला बजावलंय.

इकडे ओडविराच्या सणाआधीची आवाजाची बंदी चालू आहे. ढोल गप्प, पोरं भांडतात तीही कुजबुजत. शेजारची लारबिया परवा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नवऱ्याला धड शिवीसुद्धा देता येत नाही गं, पोट फुगलंय माझं." हसू आलं, तेही तोंडात कापड कोंबून.

यंदा कोनफळं मांडीएवढी जाड झालीत. पण सणाच्या मंगळवारी पूर्वजांना नैवेद्य दाखवल्याशिवाय नव्याला कोणी शिवायचं नाही. तुला काय सांगायचं ते! त्या वर्षी शेतावर भुकेपोटी तू एक भाजून खाल्लंस आणि मामाने भर अंगणात तुला मेंढीचा दंड ठोठावला. "वाडवडिलांच्या आधी जेवणारा हावरट," म्हणाला. तू तसाच निघून गेलास.

आई त्यानंतरही दर सणाला तुझं ताट वाढून झाकून ठेवायची. मी म्हणायचे, "मांजर खाईल." ती म्हणायची, "खाऊ दे. तेवढंच कुणीतरी जेवेल."

ऑगस्टच्या अखेरीला आईला अन्न जाईना. पेज नको, सूप नको. एक दिवस म्हणाली, नवं कोनफळ खावंसं वाटतंय. मामाकडे बघायचीही मला हिंमत झाली नाही. तो उठला, कोयता घेऊन शेतावर गेला आणि कापडात काहीतरी गुंडाळून परत आला. दार लावून घेतलं. चुलीपुढे बसून स्वतः सोललं, स्वतः शिजवलं. हो, आपल्याच मामाने. कुस्करून एक घास तिच्या ओठांशी नेला. "घे गं. कोणी बघत नाही."

आईने तोंड फिरवलं. म्हणाली, "दादा, एवढ्यावरून तू माझा लेक घालवलास. आता मी ते कशी खाऊ?"

मामा वाटी घेऊन उठला. मग त्याने ते परसात पुरलं. तेव्हापासून तोही नीट जेवत नाही.

आता आई कशी आहे, विचारशील. बंदीत ती गोष्ट तोंडाने बोलायची नसते. कोणी भेटायला आलं की आम्ही सांगतो, झोपलीय. त्यांना कळतं, मान हलवून जातात. पण कागदाला आवाज नसतो, म्हणून लिहिते. ओफोसू, आई गेली रे. त्याच आठवड्यात. गुपचूप पुरलं तिला. ढोल नाही, गाणं नाही. माती पडत होती, तेवढाच काय तो आवाज. मला हुंदका आला तसा मामाने माझा हात घट्ट दाबला.

सत्तावीसला, मंगळवारी, बंदी उठेल. बुधवारी, अठ्ठावीस तारखेला, सगळं गाव काळे-लाल कपडे घालून वर्षभरात गेलेल्यांसाठी रडेल. आपल्या अंगणात आईचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने घ्यायचंय. मामा थोरला, त्यानेच घ्यायचं. पण तो म्हणतो, "तिचा लेक घेईल. मी कोणत्या तोंडाने घेऊ?" तू आला नाहीस तर तिचं नाव न घेताच दिवस मावळेल.

आणखी एक. मामा म्हणाला, "यंदा मेंढीचा दंड मी भरणार, सगळ्यांदेखत. त्याला म्हणावं, येऊन बघ."

राग असेल तर तो घेऊनच ये. मी अजून रडलेली नाही. एकटीने रडायला नको म्हणून आवरून धरलंय.

तुझ्या हाकेकडे कान लावून बसलेली,
अक्का कोरांतेमा