‘येते’चा अर्थ

१० सप्टें. ७३
शाळा सुटल्यावर जवळच्या राहनाळ गावी गेलो. दुष्काळात नगरकडून आलेली माणसं तिथल्या गोदामात आहेत, ते आता रिकामं करायचंय. परदेशी मदत दोन तऱ्हांची. गावी परतणाऱ्यांना लॉरी आणि ज्वारीचं बी. इथं राहणाऱ्यांना झोपडीसाठी पत्रे. काय हवं ते मदत वाटणारा गोरा साहेब स्वतः मराठीत विचारणार. दुभाष्याशिवाय! मराठी मी शिकवलीय त्याला. छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

११ सप्टें.
भागूबाईची पाळी. विधवा, पोरगी कडेवर. दिराने जमीन बळकावून हिला घराबाहेर काढलं. इथे लूमवाल्याकडे सुताच्या कांड्या भरते, पोट भरतं.
साहेब : “तुम्ही गावी जाता की इथे राहता?”
भोवती गावचीच माणसं, दिराचा मेहुणाही. बाईने पदर पुढे ओढला. “येते मी. कांड्या पडल्यात.” उठलीच.
साहेब खूश. “येते! ती लॉरीत येते!” माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. विद्यार्थ्याचं कौतुक! गाढवच मी.

१२ सप्टें.
घरी सांगितलं, हिला हसू येईल म्हणून. हसली नाही.
“निघताना बाईमाणूस ‘जाते’ म्हणेल का? एवढं नाही शिकवलंत त्याला?”
नाही शिकवलं. विभक्ती शिकवली.
उद्या साहेबाला सांगतो म्हणालो. उद्या नक्की.

१४ सप्टें.
काल गेलोच नाही. आज भागूबाई शाळेच्या फाटकाशी उभी.
“गुरुजी, मला पत्रं न्हाई म्हनत्यात. लारीत बस म्हनत्यात. म्या कवा म्हनलं?”
संध्याकाळी गेलो. साहेबाचे वरचे साहेब आलेले. हा त्यांना सांगत होता, प्रत्येकाला त्याच्याच भाषेत विचारलंय. आणि हे माझे गुरू. मला खुर्ची दिली, चहा दिला. प्यायलो. तसाच घरी आलो.

१५ सप्टें.
शेवटी सांगितलं. साहेब लालबुंद. “तेव्हा का नाही बोलला?” पत्रे वाटून संपले. मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखा म्हणाला, तिला बी तर मिळेल. पेरायचं कुठे, दिराच्या डोक्यावर?
ही म्हणाली, “आपली पडवी मोकळी आहे. घेऊन या तिला.” मला हे सुचलं नव्हतं. लाज वाटते.

१६ सप्टें.
सकाळी राहनाळ. लॉरी भरलेली. भागूबाई मागे, बियाची पिशवी मांडीखाली, पोरगी झोपलेली. मी खालून ओरडलो, आमच्याकडे चला, पडवी मोकळी आहे. सगळे वळून बघायला लागले, दिराचा मेहुणा हसला. पुन्हा चारचौघांतच विचारलं मी. ती माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “त्या दिशी तुमी शेजारीच हुता की, गुरुजी.”
लॉरी सुरू झाली.
“जाते,” म्हणाली.

घरी आलो तर पडवी झाडलेली, कोपऱ्यात चूल मांडलेली. ही दारात.
“आली नाही? बरं, निघताना येते म्हणाली ना?”
मी खाली बघून चप्पल काढत राहिलो.