डाव्या पेटीतले ठोके

४ मे १९१३

आलो एकदाचा! इतकी वर्षं युद्धनौकेच्या बॉयलरखान्यात भाजून निघाल्यावर आज उघड्या हवेत चहा प्यायलो. खाडीकाठी लांबलचक छपरी, तिच्यात पाण्यावर उतरणारं विमान, आणि ते धड ठेवायचं काम माझं. दोन बंद लाकडी पेट्यांवर ते बदकासारखं तरंगतं. वैमानिक लेफ्टनंट ग्लेब अर्काद्येविच पोरसवदा, हसरा. म्हणाला, रोदिऑन पेत्रोविच, सवयीने आमच्या पाखराला कोळसा चारू नका म्हणजे मिळवली! मी म्हटलं, तुम्ही पाडू नका, चारायचं माझं मी बघतो. गडी आवडला. म्हातारा मेकॅनिक येव्सेई मात्र जेवताना ताटातून मान वर करेना.

७ मे

दुपारी डावी पेटी तपासत होतो, तर आतून ठोके आले. तीन. थोडं थांबून पुन्हा तीन. पेटीला वर हात जाईल एवढंच झाकण, दुसरी वाट नाही. जहाजावर आमच्या हाडीमासी भिनलेलं असतं: बंद कप्प्यातून ठोके आले की तेवढेच परत द्यायचे. अडकलेल्याला कळतं, बाहेर कुणीतरी आहे. विचार करायच्या आत पाना उचलून मी तीन ठोके दिले.

येव्सेईच्या हातातली तेलाची बुधली पडली. उत्तर दिलंत, साहेब? एवढंच विचारून तो छातीवर क्रुसाची खूण करत निघून गेला. झाकण उघडून पाहिलं. आत ठणठणीत कोरडं. नव्या माणसाची टर उडवतायत, दुसरं काय!

९ मे

विमान पाण्यावर डावीकडे कलतंय. पेटीत थेंब नाही. काट्यावर घातली तर माणूसभर वजन जास्त.

येव्सेईला दोनदा पेटीला कान लावून उभा पाहिला. खडसावलं, तेव्हा म्हणाला, तुमच्या आधीचे इंजिनिअर साहेब खाडीत बुडाले तेव्हापासून ती ठोठावते, वरिष्ठांना पटत नाही, पण आम्ही कुणी ओ देत नाही. ओ मिळाली की आतला आपल्या जागी दुसरा मागतो. मी म्हटलं, बाबा, दारू कमी कर.

पण म्हातारा दिसतो तसा भोळा नसावा. शनिवारी ॲडमिरलसमोर उड्डाण आहे. ग्लेब एकटाच जाणार. त्याच्या जिवावर कोण उठलंय?

१० मे

येव्सेईच्या सामानाची झडती घेतली. काही सापडलं नाही. पण तो माझ्याकडे दया आल्यासारखा बघत होता, याचाच जास्त राग आला.

ग्लेबला सांगितलं, पेटी बदलेपर्यंत उडू नका. हसला. ॲडमिरलना काय सांगू, म्हणाला, पेटीत भूत बसलंय? ठोके तुम्हालाही ऐकू येतात का, असं मी विचारलं. तेव्हा मात्र डाव्या पेटीकडे बघू लागला. मग म्हणाला, तुम्ही स्पष्ट नाही म्हणा, मी थांबतो.

मी नाही म्हटलं नाही. लोक हसतील याची भीती वाटली.

११ मे

उडालं. सुरेख वळलं. अलगद पाण्यावर उतरलं. टाळ्या.

होडीतून गेलो — ग्लेबच्या जागेवर कुणी नाही. पट्टा बांधलेला, जसाच्या तसा.

खाडी धुंडाळतायत. पडताना कुणीच पाहिला नाही. सगळे माझ्याकडे बघतात. येव्सेई बघत नाही.

१२ मे

पुन्हा ठोके. पण तीन नव्हेत. कसेही, भराभर — घाबरलेल्या माणसाचे.

उत्तर देणार नाही.

आतून माझं नाव घेतोय. ग्लेबचाच आवाज. माझ्यामुळे गेला पोरगा, माझ्यामुळे —

झाकण उघडलं. काही दिसेना. हात घातला —

वही खिशात होती. डाव्या हाताने लिहितोय, कुणाला वाचता आलं तर बरं. उजवा आत आहे. येव्सेईला हाका मारल्या, छपरीत कुणी नाही. माझा हात धरलेली बोटं गार नाहीत. चांगली ऊबदार आहेत. मला वाटलं वर यायला धरलंय, पण तो खाली —

कोपरापर्यंत गे