पार्किंगच्या खडीवरची टिटवी

विठ्ठलवाडी,
रंगपंचमीनंतरचा मंगळवार

ती. हरिचंद्रदादांस,

शशिकांतचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक, फक्त तुमची बहीण किर्ती घरी नाही. ती बदलापूरला आमच्या पक्षी उद्यानात बसली आहे, आणि तिला उठवणं तुम्हालाच जमेल असं उद्यान समितीचं मत पडल्यामुळे हे लेखी कळवतो.

झालं असं, की रविवारी आम्ही पक्षीनिरीक्षण ठेवलं होतं. पाहुणे मुंबईचे, तेव्हा गबाळं दिसायला नको म्हणून (अध्यक्ष या नात्याने सूचना माझीच) आदल्या दिवशी तळ्याकाठचं सगळं गवत आणि पाणकणसं कापून काठ लख्ख केला. मांडव घातला, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून स्पीकर आणला आणि सकाळी अशी सनई लावली की अंबरनाथलाही ऐकू गेली असेल. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, समोसे झाले. मग पाहुण्यांनी दुर्बिणी लावल्या, तर तळ्यावर एक पक्षी नाही. मी त्यांना फलकावर रंगवलेला रोहित पक्षी दाखवला (रंग अजून ओला होता), पण त्यात कोणी रस घेतला नाही.

तेवढ्यात किर्तीने हाक मारली. पार्किंगच्या भरावासाठी तुम्ही पहिली खडी टाकलीत ना, तिच्यावर टिटवी अंडी घालून बसली होती. अख्ख्या उद्यानात तिला तुमचीच खडी पसंत पडली. मंडळी तिकडे धावली, टिटवीने ओरडून आकाश डोक्यावर घेतलं, माझा फेटा तळ्यात गेला आणि पाहुणे खूश होऊन परतले.

तेव्हापासून किर्ती छत्री उघडून तिथेच आहे. तिचा निरोप तिच्याच शब्दांत: "दादाला बोल, पिल्लं निघेपर्यंत खडीची गाडी आणायची नाही. आणलीस तर मी आडवी पडेन, मग मला पण भरावात घे." येत्या रविवारी आमदार साहेबांच्या हस्ते पार्किंगचं उद्घाटन आहे. उरलेली पाणथळ तोवर भरली नाही, तर तुमचं पुढचं कंत्राट जाईल आणि माझं अध्यक्षपद. तेव्हा मोठ्या भावाच्या अधिकाराने तिला दटावावं.

आपला,
शशिकांत

ता.क. वरच्या मजकुराची झेरॉक्स समितीला दिली आहे. हा भाग तिच्यात नाही. छत्रीखाली राखण बसायची दुपारची पाळी माझी असते. ऊन चढलं की टिटवी त्या उरलेल्या पाण्यात पोट भिजवून येते आणि अंडी गार राहावीत म्हणून तशीच त्यांच्यावर बसते. ते बघितल्यापासून माझा पाय तिथून निघत नाही. अध्यक्षपद गेलं तर जाऊ दे. साहेबांना कळवा, डंपर बिघडलाय.

ता.क. २. ते दुसरा पाठवतो म्हणाले, तर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की किर्तीच्या शेजारी मीही आडवा असेन.