हे बरं की ते

४ मार्च, मंगळवार

आज बोलणी खाल्ली. खाण्यासारखीच होती.

माझ्या दोन फायली आहेत. हिरवी सिकलसेलची, रक्ताच्या डॉक्टरांकडे न्यायची. पिवळी बायकांच्या डॉक्टरांकडची. हिरवीवाल्यांना माहीत नाही की मी दोन वर्षं पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते. पिवळीवाल्यांना माहीत नाही की मला सिकलसेल आहे. ही अक्कल आईची. लग्नानंतर म्हणाली होती, "जाशील तिथे आजाराचा पाढा वाचू नकोस."

आज पिवळीकडे नवीन डॉक्टरीणबाई होत्या. पिशवीतून हिरवी डोकावत होती, ती त्यांनी मागून घेतली. मग गोळ्यांचं पाकीट पाहिलं. "या गोळ्यांनी रक्तात गुठळी होऊ शकते. तुम्हाला तर जास्तच धोका. सांगायचं नाही का?"

गोळ्या बंद. तीन महिन्यांनी एक इंजेक्शन किंवा दंडात बसवायची काडी, हे मला चालेल म्हणाल्या. आणि मग – "पण तुम्हाला हवंय काय? मूल हवंय?"

मला कुठे झेपणार मूल, मी म्हटलं. "असं कोण म्हणालं?" चौदाव्या वर्षी आई आणि डॉक्टर आत बोलले होते. मी बाहेर बाकावर. हिला मूल नको, एवढंच आईने बाहेर येऊन सांगितलं. जोखीम मोठी आहे, पण अशक्य नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आधी नवऱ्याचं रक्त तपासा. "घाई नाही. तुम्ही ठरवा."

५ मार्च

चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगं बदलत गिऱ्हाइकांना एकच विचारते – हे बरं की ते? पाच वर्षांची पोरंसुद्धा ठणकावून सांगतात. मला एक उत्तर देता येईना.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "जोखीम म्हणजे किती?" मला नीट सांगता आलं नाही. तपासणीला रक्त मात्र देऊन आला.

९ मार्च

दुकानातला एसी थेट पाठीवर. गारठ्याने परवा दुखणं उसळलं. दोन दिवस दवाखाना, सलाइन. हाडं आतून कोणी पिळावीत तसं होतं. तो स्टुलावर बसून होता. मी ओरडले असणार. शेजारच्या पलंगावरची आजी म्हणाली, "नवरा रडत होता गं तुझा."

माझ्यासमोर नाही रडला.

१० मार्च

सासूबाईंचा फोन. "गोड बातमी कधी?" त्यांना आजाराचं अर्धंच माहीत आहे. मी हसले. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उगाच उभी राहिले. आईला फोन करावासा वाटला. केला नाही, ती माझ्याआधी रडेल.

१५ मार्च

तो कामावरून, छापखान्यातून, जपून चालत आला. कागदाचं बंडल उचललं म्हणे. पाठ शेकून देऊ का म्हटलं तर नको नको. एका घरात राहून आम्ही हल्ली पाहुण्यांसारखे बोलतो. इंजेक्शनचं काय ठरलं, त्याने विचारलं नाही. मला त्याचा राग आला. कुणीतरी सोबतीने गोंधळावं, एवढंच तर हवं होतं.

१८ मार्च

त्याचा रिपोर्ट आला. मीच आणायला गेले. रक्त स्वच्छ. मूल झालंच तर माझ्यासारखं आजारी नसेल, फक्त वाहक.

रिपोर्ट हिरव्या फायलीत लावला. मग काढून पिवळीत लावला. शेवटी दोन्ही फायली एका दोरीने बांधल्या. त्याला इतक्यात सांगितलं नाही. आधी माझं मला ठरवायचं होतं.

२२ मार्च, शनिवार

एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. तासभर सगळं विचारलं. सिकलसेलची रोजची कॅप्सूल दिवस राहण्याच्या तीन महिने आधी बंद करावी लागेल. दुखणं वाढू शकतं. रक्त चढवावं लागेल. जिवावरही बेतू शकतं. हेही त्यांनी लपवलं नाही.

मला भीती वाटते. खूप वाटते. तरी मला मूल हवं आहे. लिहून पाहिलं. पुन्हा लिहिते – मला हवं आहे. सव्वीस वर्षांत माझ्या शरीराबद्दल मी ठरवलेली ही पहिली गोष्ट.

उद्या त्याला सुट्टी. चहा झाला की सांगेन.

२३ मार्च

सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. मग उठून कपाटातून एक कागद आणून समोर ठेवला.

नसबंदी. तारीख १४ मार्च. खाली त्याची एकट्याची सही.

"तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून," म्हणाला.