धरणारी माणसं

३ नोव्हेंबर
साताऱ्याहून सामान घेऊन पोहोचले. शिराळ्याच्या पुढं एवढं देखणं गाव असेल असं वाटलं नव्हतं! घरमालक लालासाहेब जुने पैलवान, शेजारची तालीम त्यांचीच. त्यांच्या बायकोनं, मंगलकाकींनी, आग्रह करकरून जेवू घातलं. उद्यापासून दवाखान्यात मी गावातली पहिली फिजिओथेरपिस्ट. मिरगीच्या गोळ्या उशाशी ठेवल्यात. आठ वर्षांत एकही चुकवलेली नाही, म्हणून आठ वर्षांत फिट नाही.

५ नोव्हेंबर
नानासो मास्तरांचा उजवा हात पोटाशी आवळलेला, बाहेर वळतच नाही. खांदा मागं निखळून तसाच राहिलाय. दुपारी धोंडुबाई आल्या. खांद्याची तीच गत, वर टाचेची नस तुटलेली. दोघांनाही फिट येते. फिटमध्ये स्नायूच इतके आवळतात की हाड मोडतं, हे मला ठाऊक आहे. पण दोघांचं इतकं सारखं? धोंडुबाई सहज म्हणाल्या, पडले न्हाई बाई, धरलं व्हतं.

इथली रीतच आहे म्हणे. फिट आली की तालमीतले चौघे बोलवायचे आणि अंग थंड पडेपर्यंत दाबून धरायचं. नाहीतर फिट आतच राहते.

६ नोव्हेंबर
राग आवरला नाही. तालमीत जाऊन सगळ्यांदेखत सुनावलं: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, धरू नका, हाडं तुम्ही मोडताय. लालासाहेब एवढंच म्हणाले की आमचं आजोबा बी धरत व्हते. रात्री जेवायला हाक आली नाही.

८ नोव्हेंबर
गोळ्या नाहीत. मंगलकाकींनी मोरीत ओतल्या आणि तोंडावर सांगितलं, गोळ्या कशाला, धरायला माणसं हायती की. गावभर बोभाटा केलाय की म्याडमलाच फिट येती. मला भीती वाटते. उद्या पहिल्या एसटीनं कराड. गोळ्या घ्यायच्या, परत यायचं नाही.

१० नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहितेय. काल एसटी स्टँडवरच फिट आली. शुद्ध आली तेव्हा छातीवर लालासाहेबांचा गुडघा. उजवा हात पोटाशी — वळत नाही. टाचेची नस गेली. उभं राहता येत नाही. फोन काकींकडं.

दुपार
चौघं खाटेभोवती. हाताला आखाड्याची माती चोळतायत. लालासाहेब म्हणतात, काल डावी बाजू ढिली सुटली, म्हणून फिट आतच राहिली —

तोंडात लोखंडाची चव. फिटच्या आधी अशीच —

वही ठेव म्हणतात, पोरी, डावा हात दे. सांगतेय, काका, पाया पडते, कुशीवर, नुसतं कुशीवर वळ